दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना व्हिडिओ शेवटी बघा

दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की कंपनीचा माणूस डेमोची सुरुवात हमखास व्हिडिओ कॉलने करतो. स्क्रीनवर हसरा पेशंट, आवाज स्वच्छ, चित्र लख्ख, शेजारच्या चौकटीत त्याची सगळी माहिती. डॉक्टर खूश होतात आणि पुढचं सगळं त्या खुशीतच बघितलं जातं. खरं तर या अख्ख्या व्यवस्थेत व्हिडिओ हा आता सगळ्यात सोपा भाग उरला आहे.

एके काळी तो सोपा नव्हता. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का इथल्या मानसोपचार संस्थेने दोन्ही बाजूंनी दिसेल आणि ऐकू येईल अशी टीव्ही यंत्रणा उपचारांसाठी वापरली, तेव्हा तो एक मोठा प्रयोग होता. आज हेच काम साधा ब्राउझर करतो. त्यामागचं वेबआरटीसी नावाचं तंत्र गूगलने २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याला वेबच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. ब्राउझरमधून चालणाऱ्या बहुतेक टेलिहेल्थ, म्हणजे दुरून उपचार देण्याच्या, सॉफ्टवेअरच्या पोटात हेच तंत्र असतं. तेव्हा कोणाचं चित्र जास्त सुंदर, यावरून निवड करण्यात फारसा अर्थ नाही.

कॉल अडखळतो तो बऱ्याचदा तुमच्या किंवा पेशंटच्या इंटरनेटमुळे, आणि त्यातही अपलोडच्या वेगामुळे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला वेग सहसा डाउनलोडचा असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज एका बाजूकडून दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलताना अडचण जाणवत नाही. उशीर फार वाढला की दोघंही एकमेकांचं वाक्य तोडायला लागतात. व्हिडिओबद्दल कंपनीला विचारण्यासारखा प्रश्न एकच: नेट कमकुवत झालं की तुमचं सॉफ्टवेअर काय करतं? चित्र बंद करून आवाज टिकवून धरत असेल तर ठीक. कॉल पाडून दोघांनाही पुन्हा लिंक शोधायला लावत असेल तर पुढचा डेमो बघायला घ्या.

नेमकं काय विकत घेताय

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली, दवाखाना चालवण्याचं सॉफ्टवेअर. अपॉइंटमेंट, पेशंटची नोंदणी, बिलं, विम्याचे दावे, येणं-देणं, आठवणीचे संदेश हा सगळा रिसेप्शनचा कारभार यात येतो. दुसरी, वैद्यकीय नोंदी. म्हणजे केसपेपरचं डिजिटल रूप: तक्रारी, तपासणी, निदान, औषधं, रिपोर्ट. तिसरी, टेलिहेल्थ. व्हिडिओ, पेशंटशी लेखी देवाणघेवाण, घरून भरायचे फॉर्म, आणि काही ठिकाणी घरच्या रक्तदाब किंवा साखरेच्या यंत्राचे आकडे थेट येण्याची सोय.

काही कंपन्या तिन्ही देतात, काही एक स्वतःचं देऊन बाकी दोन जोडून देतात. ‘जोडून’ म्हणजे काय, हे खोदून विचारा. कधी त्याचा अर्थ माहिती दोन्हीकडे आपोआप पोचते असा असतो, तर कधी एका खिडकीतून दुसरी खिडकी उघडते एवढाच. दुसऱ्या प्रकारात पेशंटचं नाव, जन्मतारीख आणि मोबाइल रिसेप्शनवरच्या माणसाला दोनदा टाइप करावा लागतो. दोनदा टाइप केलेली माहिती लवकरच दोन प्रकारची होते.

माझं मत सरळ आहे. एक-दोन डॉक्टरांच्या दवाखान्याने तिन्ही कामं एकत्र करणारं, थोडं साधं का असेना, एकच सॉफ्टवेअर घ्यावं. दोन उत्तम सॉफ्टवेअर अर्धवट जोडलेली असतील तर त्यांच्यातली फट बुजवण्याचं काम रोज कोणाला तरी हाताने करावं लागतं. मोठ्या, अनेक विभागांच्या संस्थेचं गणित वेगळं. तिथे ही जोडणी सांभाळायला माणूस ठेवता येतो.

एक अपॉइंटमेंट चालवून दाखवा

डेमोत कंपनीच्या माणसाला त्याची पाठ केलेली गोष्ट सांगू देऊ नका. त्याच्या हातात एक अपॉइंटमेंट द्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून दाखवायला सांगा. पेशंटही जरा अवघड निवडा. समजा, ६८ वर्षांच्या मधुमेही बाई आहेत. त्यांच्याकडे स्वतःचा स्मार्टफोन नाही. मुलगी स्वतःच्या मोबाइलवरून आईची अपॉइंटमेंट घेते. मुलगीही तुमचीच पेशंट आहे.

बरीचशी सॉफ्टवेअर इथेच अडखळतात. अनेक ठिकाणी मोबाइल नंबर हीच पेशंटची ओळख धरलेली असते. मग आईची अपॉइंटमेंट मुलीच्या नावावर पडते, किंवा आईचा रिपोर्ट मुलीच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. एका नंबरवर दोन पेशंट, एका पेशंटसाठी दुसऱ्याने काम बघणं, आणि त्या दुसऱ्याला किती दिसावं हे ठरवणं, या तिन्ही गोष्टी स्क्रीनवर करून दाखवायला सांगा. मग एकाच नावाचे दोन पेशंट शोधायला लावा. यादीत दोघांची जन्मतारीख किंवा फोटो शेजारी दिसत नसेल तर घाईच्या वेळी चुकीची फाइल उघडणार.

पुढे या. मुलगी घरून फॉर्म भरते: आईला पेनिसिलिनची ॲलर्जी, चालू औषधं तीन. हा फॉर्म जातो कुठे? तो फाइलला नुसता पीडीएफ म्हणून चिकटला, तर डॉक्टर पेनिसिलिनच्याच गटातलं अमॉक्सिसिलिन लिहितील तेव्हा सॉफ्टवेअर गप्प बसेल. ॲलर्जीची माहिती त्यात आहे, पण त्याला कळेल अशा जागी नाही. ती ॲलर्जीच्या रकान्यात उतरली असेल तरच इशारा येईल. डेमोत हे औषध मुद्दाम लिहून बघा. अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं.

मात्र इशारे जास्त झाले तरी पंचाईत. प्रत्येक औषधाला लाल चौकट उघडत असेल तर चौथ्या दिवशी डॉक्टर न वाचताच ती बंद करायला शिकतात, आणि कामाचा इशाराही त्यांतच जातो. किरकोळ इशारे बंद करून गंभीर तेवढे ठेवता येतात का, आणि ते कोण ठरवतं, हेही विचारून घ्या.

आता कॉल. डॉक्टरांना वीस मिनिटं उशीर झाला आहे. तोवर पेशंटला काय दिसतं? नुसती गोल फिरणारी चकती, की ‘डॉक्टर अजून साधारण वीस मिनिटांत येतील’ असा निरोप? कॉल सुरू झाल्यावर मागचा साखरेचा रिपोर्ट व्हिडिओ न झाकता बघता येतो का? मध्येच कॉल तुटला आणि उरलेलं बोलणं साध्या फोनवर झालं, तर नोंदीत ‘फोनवरून सल्ला’ असं जातं की ‘व्हिडिओ’च राहतं? ही बारीक गोष्ट वाटेल, पण अनेक विमा योजनांमध्ये दोन्हींचे नियम वेगळे असतात आणि चुकीच्या प्रकाराने गेलेला दावा परत येतो. शेवटी प्रिस्क्रिप्शन, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, पुढची प्रत्यक्ष भेटीची वेळ आणि बिल. या चार कामांसाठी डॉक्टरांना किती स्क्रीन बदलाव्या लागल्या, ते मोजा.

मोजायला सांगतो त्याला कारण आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत डॉक्टरांचा दिवस घड्याळ लावून तपासला गेला. पेशंटसमोर घालवलेल्या दर तासामागे जवळपास दोन तास संगणकातल्या नोंदी आणि टेबलावरच्या कामात जात होते. सॉफ्टवेअरमधली एक जास्तीची क्लिक डेमोत दिसत नाही. दिवसाला चाळीस पेशंट असले की ती संध्याकाळी दिसते.

दुसऱ्यांशी बोलता येतं का

दवाखाना एकटा चालत नाही. लॅब, एक्स-रे केंद्र, औषधाचं दुकान, विमा कंपनी, रुग्णालय यांच्याशी माहितीची ये-जा सतत चालू असते. यासाठी काही सामायिक पद्धती ठरलेल्या आहेत. एचएल७ या संस्थेची स्थापना १९८७ ची. तिच्या जुन्या पद्धतीचे संदेश आजही असंख्य लॅब पाठवतात. तिचीच नवी पद्धत एफएचआयआर, उच्चारी ‘फायर’. ती वेबच्या ढंगाने चालते, म्हणून नव्या सॉफ्टवेअरला सोपी जाते. एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या चित्रांसाठी डायकॉम आहे. आजारांच्या नावांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी संकेतावली आहे. तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पण दहावीही अजून अनेक देशांत वापरात आहे. लॅब तपासण्यांच्या नावांसाठी लॉइंक आहे.

ही नावं पाठ करायची गरज नाही. संकेत, म्हणजे ठरावीक कोड, का लागतात ते मात्र समजून घ्या. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीला एक लॅब ‘एचबीए१सी’ लिहिते, दुसरी ‘ग्लायकेटेड हिमोग्लोबिन’. माणसाला कळतं की दोन्ही एकच. सॉफ्टवेअरला संकेत मिळाला नाही तर ते दोन वेगळे रकाने करतं, आणि गेल्या दोन वर्षांचा साखरेचा आलेख मधोमध तुटतो.

‘आमच्याकडे फायर आहे’ हे उत्तर पुरेसं मानू नका. तुमची लॅब कोणती ते सांगा आणि विचारा, या लॅबशी जोडलेला तुमचा एखादा ग्राहक आज चालू आहे का? असेल तर त्याच्याशी बोलू द्या. ‘करता येईल’ आणि ‘चालू आहे’ यांच्यामध्ये कधी काही महिने आणि एक वेगळं बिल असतं.

पेशंट कुठे बसला आहे

टेलिहेल्थच्या नियमांमध्ये डॉक्टर कुठे बसले आहेत यापेक्षा पेशंट त्या क्षणी कुठे आहे, याला बऱ्याच ठिकाणी जास्त महत्त्व असतं. अमेरिकेत डॉक्टरचा परवाना राज्यनिहाय असतो आणि सर्वसाधारणपणे पेशंट ज्या राज्यात आहे तिथला परवाना लागतो. भारतात २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी औषधांच्या याद्याच केल्या आहेत. काही औषधं फोनवरच्या सल्ल्यातही लिहिता येतात, काही पहिल्या भेटीत व्हिडिओ असेल तरच, काही फक्त फॉलोअपला, आणि काही अजिबात नाहीत. प्रत्येक देशाचे तपशील वेगळे, पण कॉल सुरू होताना ‘आत्ता तुम्ही कुठे आहात’ हे सॉफ्टवेअरने विचारून नोंदवावं, ही अपेक्षा सगळीकडे रास्त आहे. नियमांसाठी तर ती हवीच. शिवाय कॉल चालू असताना पेशंटच्या छातीत दुखायला लागलं तर रुग्णवाहिका कोणत्या पत्त्यावर पाठवायची, हा प्रश्न तिथेच सुटलेला असतो. संमती कधी घेतली आणि कशी, हेही त्याच नोंदीत हवं.

कोविडच्या साथीच्या काळात अमेरिकेने फेसटाइम, स्काइप यांसारख्या साध्या ॲपवरून सल्ला देण्यावरची कारवाई तात्पुरती थांबवली होती. ती सवलत मे २०२३ मध्ये संपली आणि बदलासाठी दिलेली ९० दिवसांची मुदतही त्याच ऑगस्टमध्ये संपली. तेव्हा लागलेली सवय मात्र अजून रेंगाळते आहे. चॅटवर आलेला पुरळाचा फोटो डॉक्टरांच्या खासगी फोनमध्ये, सहलीच्या फोटोंशेजारी पडून असणं बरं नाही. सॉफ्टवेअरमधून फोटो पाठवणं चॅटइतकंच सोपं नसेल तर पेशंट चॅटवरच पाठवणार. तेव्हा हीही एक परीक्षा: पेशंटच्या फोनवरून एक फोटो पाठवून बघा.

वाईट दिवसाची तयारी

सुरक्षेबद्दल सगळ्या कंपन्यांची पत्रकं सारखीच दिसतात. दोन खऱ्या घटना बघितल्या की कोणते प्रश्न कामाचे ते कळतं.

फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. तिथल्या ३०,००० हून जास्त रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितल्याचं उघड झालं, मग त्याने थेट रुग्णांना ईमेल पाठवले: पैसे द्या, नाहीतर थेरपीत बोललेलं जाहीर करतो. पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. दुसरी घटना फेब्रुवारी २०२४ ची. चेंज हेल्थकेअर ही अमेरिकी कंपनी दवाखान्यांचे दावे विमा कंपन्यांपर्यंत पोचवायची. तिच्यावर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला आणि ज्यांच्या स्वतःच्या संगणकाला कोणी हातही लावला नव्हता अशा असंख्य डॉक्टरांचे पैसे आठवडेच्या आठवडे अडकले. चोर ज्या दूरस्थ लॉगिनमधून शिरले त्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणीच नव्हती, हे तिच्या मालक कंपनीच्या प्रमुखांनी नंतर अमेरिकी संसदेसमोर सांगितलं.

यावरून प्रश्न असे निघतात. पासवर्डनंतर दुसरी पडताळणी सगळ्यांना सक्तीची करता येते का? रिसेप्शनला बिल दिसावं पण मानसोपचाराची नोंद दिसू नये, इतपत अधिकार वेगळे करता येतात का? कोणी कोणाची फाइल कधी उघडली याची नोंद राहते का आणि ती तुम्हाला स्वतःला बघता येते का? यातला शेवटचा प्रश्न व्यर्थ जाण्याचा एक हमखास मार्ग म्हणजे अख्ख्या दवाखान्याने डॉक्टरांच्याच लॉगिनवर काम करणं. हा प्रकार सर्रास चालतो, आणि त्याला बऱ्याचदा कंपनीचा दरही कारणीभूत असतो. प्रत्येक लॉगिनचे वेगळे पैसे लागले की लोक एकच वाटून घेतात. म्हणून रिसेप्शन आणि नर्सचं लॉगिन फुकट किंवा स्वस्त असलेलं सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने जास्त सुरक्षित ठरतं.

सेवा बंद पडण्याची गोष्टही आकड्यांत समजून घ्या. ‘९९ टक्के वेळ चालू’ ऐकायला छान वाटतं, पण त्यात वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त बंद बसतो. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. ९९.९९ टक्के म्हणजे ५३ मिनिटांच्या आसपास. ठरवून केलेली दुरुस्ती यात मोजली आहे का, हे करारात बघा. आणि सेवा बंद असताना आजच्या अपॉइंटमेंटची यादी तरी कुठून मिळेल? सकाळी ती यादी, फोन नंबरांसह, आपोआप उतरवून ठेवणारं सॉफ्टवेअर मला फार शहाणं वाटतं.

फुकट असेल तर पैसे कोण देतंय

दराचं पत्रक सहसा ‘दर डॉक्टरमागे महिन्याला इतके’ असं असतं. खरा खर्च आजूबाजूला असतो: आठवणीच्या प्रत्येक संदेशाचे पैसे, लॅब जोडण्याचे, जुनी माहिती आणण्याचे, ट्रेनिंगचे, माहिती साठवायची जागा वाढली की त्याचे, आणि ऑनलाइन पैसे घेतले तर त्यातला कंपनीचा टक्का. तीन वर्षांचा एकूण आकडा लेखी मागा. आठवणीच्या संदेशांवर मात्र काटकसर करू नका, कारण ते पाठवल्याने गैरहजर राहणारे पेशंट कमी होतात हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

फुकट सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी. अमेरिकेत प्रॅक्टिस फ्यूजन हे वैद्यकीय नोंदींचं सॉफ्टवेअर डॉक्टरांना वर्षानुवर्षं फुकट मिळत होतं. जानेवारी २०२० मध्ये या कंपनीने १४.५ कोटी डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. आरोप असा होता की तिने अफूजन्य वेदनाशामकं बनवणाऱ्या एका कंपनीकडून पैसे घेतले आणि डॉक्टरांच्या स्क्रीनवर वेदनेच्या उपचारांबद्दल येणाऱ्या सूचना त्या कंपनीच्या सोयीच्या करून दिल्या. सूचना निर्लेप वैद्यकीय सल्ल्यासारखी दिसत होती. म्हणून स्वस्त किंवा फुकट काही मिळालं की दोन गोष्टी लेखी घ्या: पेशंटची माहिती, नावं काढून का होईना, कोणाला विकली जाते का, आणि स्क्रीनवरच्या सूचना कोण लिहितं, त्याचे पैसे कोण देतं.

सोडून जाताना

घेण्याच्या आधीच सोडण्याची पद्धत विचारणं जरा विचित्र वाटतं, पण करारातलं सगळ्यात महागाचं कलम तेच असतं. माहिती कोणाची? कोणत्या रूपात परत मिळेल? किती दिवसांत? किती पैशात?

‘सगळं पीडीएफमध्ये देऊ’ या उत्तराला होकार देऊ नका. पीडीएफमध्ये रक्तदाब १३०/८० हे नुसतं चित्र असतं. नव्या सॉफ्टवेअरला तो आकडा म्हणून वाचता येत नाही, त्यामुळे आलेख नाही, औषधांचे इशारे नाहीत, शोधही नाही. दहा वर्षांच्या नोंदी हातात असतात आणि तरी पेशंट नवाच ठरतो. रकान्यांत मांडलेली माहिती हवी, आणि तिच्यासोबत स्कॅन केलेले कागद कोणत्या पेशंटचे हे सांगणारी यादी हवी. चाचणीच्या काळात दहा खोटे पेशंट तयार करा, त्यांना ॲलर्जी, औषधं, रिपोर्ट जोडा आणि सगळं बाहेर काढून बघा. कंपनीला विनंती करावी लागली तर लागलेले दिवस मोजा. ग्राहक मिळवायच्या उत्साहात जे काम आठ दिवस घेतं, ते ग्राहक जाताना किती घेईल याचा अंदाज येतो.

जुन्या सॉफ्टवेअरमधून येत असाल तर सगळं काही आणण्याचा हट्ट धरू नका. ॲलर्जी, चालू औषधं, मुख्य आजार, अलीकडचे रिपोर्ट आणि बाकी येणं एवढं नीट रकान्यांत आलं की काम चालतं. उरलेलं कागद म्हणून जोडा. ॲलर्जीची यादी मात्र प्रत्येक पेशंट पुढच्या भेटीला आला की त्याच्याकडूनच पुन्हा तपासून घ्या, कारण माहिती हलवताना रकाने सरकतात. जुनं सॉफ्टवेअर लगेच बंद करू नका, निदान वाचण्यापुरतं तरी काही महिने चालू ठेवा.

आणि शेवटचा निर्णय घेताना रिसेप्शनवरच्या माणसाला खोलीत बसवा. डॉक्टर सॉफ्टवेअर पेशंटगणिक काही मिनिटं वापरतात, तो ते दिवसभर वापरतो. चाचणीच्या आठवड्यात त्याने शेजारी वही ठेवली आणि तिच्यात लिहायला सुरुवात केली, तर काय लिहितोय ते बघा. सॉफ्टवेअरला जे जमत नाही त्याची यादी तीच असते, आणि ती घेऊनच दराची बोलणी करायला बसावं.